नळी कुठं होती?

एखादा रिपोर्ट वेडावाकडा आला की लॅबमधली माणसं पेशंटच्या तोंडाकडे बघतात. सर आमच्या तोंडाकडे बघायचे. चष्मा कपाळावर सरकवायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "नळी कुठं होती?"

रक्त काढल्यापासून ते मशीनमध्ये जाईपर्यंत नळी कुठं ठेवली होती, किती वेळ, खिडकीजवळ की फ्रीजमध्ये, याचा पूर्ण जबाब दिल्याशिवाय आकडा कागदावर चढायचा नाही. मी नवीन होते तेव्हा मला हा निव्वळ छळ वाटायचा. डिप्लोमा घेऊन वालूरहून आलेली पोरगी मी, मला वाटायचं मशीन आहे, मशीन आकडा देतं, आपण तो छापायचा. मी एकदा तसं म्हटलंसुद्धा. सर शांतपणे म्हणाले, "मशीनला काय कळतंय माय? त्याला दिलं ते त्यानं मोजलं. तुमी काय दिलं ते इचारायलोय मी."

पाथरीच्या एसटी स्टँडमागं आमची दोन खोल्यांची लॅब. मालक डॉक्टर परभणीहून आठवड्यातून दोनदा येत, सह्या करत, चहा घेत आणि जात. बाकी सगळं सरांवर. मी तिथं गेले तेव्हा सर पन्नाशीला आले होते आणि तालुक्यातल्या निम्म्या लोकांच्या दंडाला त्यांची सुई लागलेली होती. पुरुष कोणीही असो, त्याला ते 'मालक' म्हणत. बाई कोणीही असो, ती 'माय'. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मीही 'माय'च. सुई टोचताना ते पेशंटला शेतात यंदा काय पेरलं ते विचारायचे. माणूस सोयाबीन की कापूस याचा विचार करेपर्यंत नळी भरलेली असायची.

गावानं त्यांचं नाव 'बर्फवाले' पाडलं होतं. कारण त्यांच्या खांद्याला सदानकदा एक निळा थर्मास लटकलेला असे आणि त्यात बर्फ. स्टँडवरच्या सरबतवाल्याकडून सकाळी एकदा आणि दुपारी एकदा तो भरून यायचा. सरबतवाला दर वेळी न चुकता विचारायचा, "सर, आज कोणाचं रगत गार करायलाव?" आणि सर दर वेळी न हसता सांगायचे, "तुजं न्हाई, तू भिऊ नको."

त्यांची अजून काही खुळं होती. मोटारसायकलवर ते कधीच बसायचे नाहीत, चालवायची तर नाहीच, मागंसुद्धा नाही. जीपमध्ये बसले तर मधल्या सीटवर, दोन्हीकडून माणसं दाबून बसलेली हवीत. शिडीवर चढायचे नाहीत. वरच्या फळीवरचा खोका काढायचा असला की मला चढवायचे आणि स्वतः खाली शिडी धरून उभे राहायचे. एकदा आम्ही सगळे सोनपेठला शिबिराला गेलो होतो, परतताना लोक गोदावरीत पाय धुवायला उतरले. सर वरच उभे. कोणीतरी म्हणालं, एवढा मोठा माणूस आणि गुडघाभर पाण्याला भितो. सरांनी थर्मास एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि म्हणाले, "असू दे." आणि मे महिन्यातसुद्धा शर्ट पूर्ण बाह्यांचा, मनगटाची बटणं लावलेली. आम्ही त्यावर भरपूर हसायचो. आता आठवलं की त्या हसण्याची लाज वाटते.

बर्फाचं कारण मात्र खुळचट नव्हतं. महिन्यातून एकदा संभाजीनगरहून मेंदूचे डॉक्टर शेजारच्या दवाखान्यात यायचे. त्या दिवशी आमच्या बाकांवर मिरगीचे पेशंट दाटीवाटीनं बसायचे. दहा-दहा, वीस-वीस वर्षं एकच गोळी खाणारी माणसं. फीट थांबलेली असायची, पण थकवा जायचा नाही, तळपायाला मुंग्या यायच्या. घरचे म्हणायचे, हे कामाचा कंटाळा करतात. या माणसांचं दुखणं सरांनी फार मनावर घेतलं होतं. डॉक्टरांच्या मागं लागून ते त्यांना तीन तपासण्या लिहायला लावत. बी-बारा, फोलिक ॲसिड आणि होमोसिस्टीन.

होमोसिस्टीन आपल्या शरीरात रोजच तयार होतं. फोलिक ॲसिड आणि बी-बारासारखी जीवनसत्त्वं त्याची रोजच्या रोज विल्हेवाट लावतात. मिरगीच्या जुन्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की पुष्कळांची ही जीवनसत्त्वं कमी पडतात, मग ते रक्तात साचत जातं. फार साचलं तर रक्तवाहिन्यांना ते बरं नाही, लकव्याचं भय वाढतं, असं डॉक्टर सांगतात. आता गंमत अशी, की नळीत भरलेलं रक्तसुद्धा गप्प बसत नाही. त्यातल्या तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात. नळी लगेच बर्फात ठेवली नाही आणि तासाभरात मशीनवर गरगर फिरवून वरचा पिवळा भाग वेगळा काढला नाही, तर आकडा वाढत जातो. आमच्याकडच्या उन्हात तर बघायलाच नको. "तो आकडा पेशंटचा नसतो," सर म्हणायचे, "टेबलाचा असतो."

पेशंटना ते यातलं काही सांगत नसत. त्यांना सांगायचे, "मालक, ही गोळी म्हंजी जवारीवरचा राखण्या हाय. राखण चांगली करती, पर अधूनमधून हुरडा बी भाजून खाती. म्हणून काय राखण्या काढून टाकायचा असतो का? पाखरं सगळं पीक खातील. हुरड्याचं तेवढं आपण बघायचं." मग डॉक्टरांनी लिहिलेली फोलिक ॲसिडची बारकी पिवळी गोळी हातावर ठेवून बजावायचे, "लिहिली तेवढीच. लय खाल्ली तर राखण्या झोपतो." म्हणजे फोलिक ॲसिडचा मारा केला तर मिरगीच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण उतरू शकतं आणि बंद झालेली फीट परत येऊ शकते. हे त्यांनी माझ्यासमोर किती जणांना सांगितलं असेल, मोजदाद नाही. पुढच्या सगळ्या गोष्टीत मला हीच गोष्ट फार टोचते.

एकदा सोनपेठकडचा एक धिप्पाड शेतकरी ती पिवळी गोळी परत घेऊन आला. टेबलावर आपटून म्हणाला, "सर, ही बाळतपणाची गोळी हाय. आमच्या सूनबाईला आशाताई हीच देती. मला कामून दिली?" बाकावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. तो माणूस कानापर्यंत लाल झाला होता. सर उठले, खिशातून एक पुडी काढली, तसलीच पिवळी गोळी तोंडात टाकली आणि माठातलं पाणी प्याले. "बघा मालक," ते म्हणाले, "मी बी खाल्ली. मला काय डोहाळे लागले का?" त्यानंतर तो माणूस मुकाट्यानं गोळी घ्यायला लागला. मला मात्र एक गोष्ट खटकली. पेशंटची गोळी टेबलावर पडली होती. सरांच्या खिशात ती आधीपासूनच कशी होती?

आणखी एक गोष्ट होती. वर्षातून तीन-चारदा, सकाळी मी यायच्या आधी, बर्फात एक नळी ठेवलेली असायची. जांभळ्या टोपणाची, वर सरांच्या अक्षरात चिठ्ठी. विठ्ठल, पुरुष, मुक्काम वालूर. तपासणी तीच, होमोसिस्टीन. पहिल्यांदा मी उत्साहानं विचारलं, "सर, वालूरचे विठ्ठल म्हणजे कोणत्या गल्लीतले? माझं माहेर तिथलंच." सर नळ्या पुसत होते. बराच वेळ पुसत राहिले. "वाडीवरचे हायत," म्हणाले, "सकाळी लवकर येऊन गेले." वालूरच्या वाड्या मला पाठ आहेत. मी नळी फिरवायला घेतली. नंतर एकदा नळ्या उचलताना त्यांची बाही जराशी वर सरकली आणि कोपराच्या खोबणीत चिकटवलेला कापूस दिसला. त्या दिवशीही विठ्ठलाची नळी बर्फात होती.

मग मोटारसायकल, शिडी, नदी, पूर्ण बाह्या, खिशातली पुडी, सगळ्याचा अर्थ एकदम लागला. सरांना मिरगी होती. लहानपणापासून गोळी चालू असणार, आणि इतकी वर्षं फीट आली नसणार. ते का लपवत होते हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. स्टँडवर कोणाला फीट आली की लोक नाकाला चप्पल लावतात, हातात किल्ल्या कोंबतात आणि नंतर त्या माणसाच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. अशा माणसाच्या हातात सुई कोण राहू देईल? आणि सुई गेली तर सरांजवळ दुसरं काही नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन मानवतला. सकाळी सात ते संध्याकाळी सात, दुसऱ्यांच्या दंडावर शीर शोधणं, एवढाच त्यांचा संसार होता. मला कळलंय हे त्यांनाही कळलं होतं असं मला वाटतं. कारण त्यानंतर विठ्ठलाची नळी ते माझ्याच हातात द्यायला लागले. आम्ही त्यावर एक अक्षर कधी बोललो नाही.

विठ्ठलाचा आकडा सतरा-अठराच्या आसपास असायचा. हवा त्यापेक्षा थोडा वर, पण वर्षानुवर्षं तिथंच. ही तपासणी पुण्याच्या मोठ्या लॅबमध्ये व्हायची, तिथून रिपोर्ट आला की सर तो बघून घडी घालायचे, वरच्या खिशात ठेवायचे आणि कामाला लागायचे.

आता त्या मेमधल्या दिवसाबद्दल सांगते.

त्या दिवशी मेंदूचे डॉक्टर आले होते. सकाळी साडेसहापासून मी उभी होते. माझा धाकटा दोन दिवस तापानं फणफणलेला, रात्री डोळ्याला डोळा नाही. चाळीसेक नळ्या झाल्या असतील. सरांना दुपारी बारा वाजता मालकांनी परभणीला बोलावून घेतलं, नवीन मशीनचं काहीतरी होतं. जाताना त्यांनी विठ्ठलाची नळी माझ्या हातात दिली. त्या दिवशी दुपारीच काढलेली होती. "ही लगेच फिरव," म्हणाले. "थर्मासात बर्फ संपायलाय, भरून आण." आणि जीपमध्ये मधल्या सीटवर जाऊन बसले.

ते गेले आणि लाईट गेली. आमचं फिरवायचं मशीन इन्व्हर्टरवर चालत नाही. अशा वेळेसाठी सरांनी कपाटात हातानं फिरवायचं जुनं मशीन जपून ठेवलं होतं. टेबलाच्या कडेला आवळायचं आणि दांडा धरून दहा-बारा मिनिटं गरागरा फिरवत बसायचं. मला ते माहीत होतं. कपाट माझ्यापासून चार पावलांवर होतं, सरबतवाला शंभर पावलांवर. मी नळी टेबलावरच्या नळ्यांच्या स्टँडमध्ये उभी केली आणि स्वतःशी म्हटलं, लाईट आत्ता येईल. खुर्चीवर बसले. पंखा बंद, बाहेर डांबर वितळायला आलेलं. मला झोप लागली.

लाईट तीन तासांनी आली. मी दचकून उठले, नळी मशीनमध्ये घातली, फिरवली, पिवळा भाग वेगळा काढला. त्याला किंचित लाली आली होती. अशी नळी फेकून द्यायची असते. दुसऱ्या दिवशी सरांना सांगायचं, परत काढू. एवढंच करायचं होतं. पण मी दमले होते, आणि सरांचा तो प्रश्न ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. संध्याकाळी कुरिअरवाला आला, मी डबा त्याच्या हातात दिला.

रिपोर्ट आला, सव्वीस.

मी सरांकडे बघत होते. चष्मा कपाळावर जाईल, मान वर होईल, ते विचारतील, आणि मी सांगून टाकीन. मी वाटच बघत होते म्हणा ना. सरांनी कागद बघितला. परत बघितला. घडी घातली, वरच्या खिशात ठेवली. विचारलं नाही. त्यांचे वडील लकव्यानं सात वर्षं अंथरुणात होते, ते मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की नळ्यांवर चिठ्ठ्या लावताना त्यांच्या दोन चिठ्ठ्या वाकड्या लागल्या. सरांची चिठ्ठी कधी वाकडी लागत नसे.

नंतर ते दुपारच्या चहाबरोबरही पिवळी गोळी घ्यायला लागले. मग संध्याकाळीही. मी बघत होते. मिरगीसाठी ते गुपचूप नांदेडच्या डॉक्टरांकडे जात, त्यांनाही विचारलं नव्हतं, आपल्या मनानंच चाललं होतं. हजार लोकांना राखण्याची गोष्ट सांगणारा माणूस, आणि मी त्यांना एका वाक्यानं थांबवू शकत होते. आज सांगू, उद्या सांगू असं करत जून गेला.

जुलैमध्ये एका सकाळी बाकावर सात-आठ माणसं होती. सर एका म्हातारीच्या दंडाला रबर बांधत होते. मूग पेरला का माय, असं काहीतरी विचारत होते. शब्द मध्येच तुटला. ते उभ्यानं आडवे झाले. ट्रेमधल्या नळ्या फुटल्या. म्हातारीच्या दंडाला रबर तसंच.

लोक पांगले, मग जवळ आले. कोणीतरी पायातली चप्पल काढली, कोणी कांदा आणा म्हणालं. सरांनीच आम्हाला शिकवलं होतं, तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, घड्याळाकडे बघायचं. मी चप्पलवाल्याला ढकलून दिलं, सरांना कुशीवर वळवलं, त्यांच्या मनगटाची बटणं सोडली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. दोन मिनिटं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब दोन मिनिटं तीच. ते भानावर आले तेव्हा पहिल्यांदा त्यांनी उघड्या बाहीकडे बघितलं आणि दुसऱ्या हातानं ती खाली ओढायला लागले.

पुढचं कोणीही सांगू शकेल असंच झालं. मालक वाईट माणूस नव्हे. त्यांनी सरांना काढलं नाही, काउंटरवर बसवलं. नावं लिहायची, रिपोर्ट द्यायचे. सुई माझ्याकडे आली. सरांच्या नावानं हाक मारत येणारी माणसं आता माझ्यापुढं दंड धरायला लागली, आणि सरांकडे बघायचं टाळायला लागली. तो सोनपेठचा शेतकरीसुद्धा एकदा आला आणि नाव सांगून लांबच्या बाकावर बसला. सर काउंटरवर पेनाचं टोपण उघडत आणि बंद करत बसायचे.

ऑगस्टच्या शेवटी नांदेडच्या डॉक्टरांनी सरांना तपासण्या लिहून दिल्या. फीटच्या वेळी त्यांच्या रक्तात मिरगीच्या गोळीचं प्रमाण फार उतरलेलं निघालं होतं. डॉक्टरांनी पिवळी गोळी परत एकावर आणली होती आणि होमोसिस्टीन पुन्हा बघायला सांगितलं होतं. सकाळी लॅब उघडायच्या आधी सर येऊन पेशंटच्या स्टुलावर बसले. डावी बाही कोपराच्या वरपर्यंत दुमडलेली. इतक्या वर्षांत तो दंड मी पहिल्यांदा उघडा बघितला.

"घे," म्हणाले.

मी चिठ्ठी काढली. पेन धरून थांबले. त्यांनी नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. मुक्काम पाथरी. मी लिहिलं. रबर बांधलं. मग त्यांनी दुसऱ्या हातानं चष्मा कपाळावर सरकवला.

"मे महिन्यातली नळी," ते म्हणाले. "कुठं होती?"

मी खाली मान घातली. "टेबलावर," म्हटलं. "तीन तास."

"बर्फ?"

"आणला नाही."

"हाताचं मशीन?"

"कपाटात होतं, सर. मी झोपले होते. आणि नंतर मला माहीत होतं, तरी पाठवली."

बाहेर सरबतवाला गाडी लावत होता, त्याच्या भांड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं सर उठून जातील. गेले असते तर बरं वाटलं असतं.

"मला दिसलं होतं," ते म्हणाले. "सतराचं सव्वीस असं एकदम होत न्हाई. दुसऱ्याचं असतं तर मी तुला तितंच उभं केलं असतं. आपलंच हाय म्हणल्यावर भ्यालो, आन् इचारायचंच इसरलो." मग मूठ आवळली आणि दंड माझ्याकडे सरकवला. "रडत सुई टोचायची न्हाई माय. शीर हुकती."

शीर हुकली नाही. नळी भरली, मी कापूस लावला. लाईट होती, मोठं मशीन चालू होतं. तरी सर उठले, कपाटातून हाताचं मशीन काढलं, टेबलाच्या कडेला आवळलं, स्वतःची नळी त्यात ठेवली आणि समोर वजनाला पाण्याची नळी ठेवली. माझ्याकडे न बघता निळा थर्मास पुढं केला.

"जा, बर्फ आण. लवकर ये."

मी साडीचा घोळ धरून स्टँडपर्यंत पळत गेले. परत आले तेव्हा सर मान खाली घालून दांडा फिरवत होते, आणि बाही अजून दुमडलेलीच होती.